उजेडाची वाट पाहणारें औषध

औषध म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा काढा, गोळी किंवा सुई उभी राहते. आणि उजेड म्हटला म्हणजे तो पाहण्याच्या कामीं येतो, एवढेंच आपण धरून चालतों. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु सृष्टींत कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, तीं अंधारांत असेपर्यंत निरुपद्रवी असतात, आणि त्यांवर प्रकाश पडतांच त्यांच्या अंगीं विलक्षण सामर्थ्य येतें. शरीरांत शिरलेलें असें द्रव्य जेथें उजेड पोंचेल तेथेंच काम करतें. इतरत्र तें निजून राहतें. या निजलेल्या द्रव्यांना औषधाच्या कामास लावण्याची खटपट आज जगांत ठिकठिकाणीं चालू आहे. आणि त्यांपैकीं कांहीं द्रव्यें तयार करण्यासाठींही लेसर नामक प्रखर प्रकाशाचाच उपयोग होऊं लागला आहे. विषय नवा व किंचित् कठीण आहे खरा. तथापि त्याची पहिली ओळख मला पुस्तकांत न होतां भंडारदऱ्याजवळच्या एका गोठ्यांत झाली; म्हणून तो आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

भंडारदरा हें स्थळ अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या अगदीं माथ्यापाशीं आहे. रतनगडाच्या बाजूनें येणाऱ्या प्रवरेस येथें विल्सन धरणानें अडविलें आहे. या धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाठीमागें पसरलेल्या जलाशयास आर्थर सरोवर असें नांव पडलें. उत्तरेस महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचें, उभें आहे. जलाशयाच्या दुसऱ्या टोंकास रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. पावसाळ्यांत येथें सूर्याचें दर्शन ही अपूर्वाई. आणि उन्हाळ्यांत तोच सूर्य कातळ तापवून सोडतो. या जलाशयाच्या कांठच्या एका वाडींत माझी आत्या दिली आहे. २०१९ सालच्या जूनच्या आरंभीं, शाळा उघडण्यापूर्वीं, मी तिच्याकडे आठ दिवस राहावयास गेलों होतों.

त्या वर्षीं पाऊस लांबला होता. गवत वाळून गेलें होतें, पेंढा संपत आला होता, आणि गुरें रानांत जें हिरवें दिसेल त्यास तोंड लावीत होतीं. आत्याच्या घरीं डांगी जातीची एक गाय आहे. डांगी हें या डोंगरी मुलखाचेंच गोधन. अंग पांढरें, त्यावर काळे किंवा तांबूस ठिपके, मुसळधार पावसांत टिकणारें आणि भातखाचरांच्या चिखलांत न थकणारें. जवळच्या राजूर गांवीं या जातीच्या जनावरांचें मोठें प्रदर्शन भरतें. आत्याची कबरी गाय दोन दिवसांपासून चारा खात नव्हती. तिच्या डोळ्यांत पिंवळेपणा आला होता, आणि पाठीवरची कातडी तडकून तिचे पापुद्रे निघत होते. परंतु आश्चर्य असें कीं, हें सारें तिच्या पांढऱ्या भागावरच होतें. काळा ठिपका जेथें सुरू होई, तेथें रोग जणूं रेघ ओढल्याप्रमाणें थांबला होता. आत्याचे यजमान, ज्यांस आम्ही भावंडें मामा म्हणतों, गोठ्याच्या दाराशीं बसून म्हणाले, "नजर लागली म्हणावं, तर ती काळं सोडून पांढऱ्यालाच कशी लागली?"

मामांचा हा प्रश्न खऱ्या शास्त्रज्ञास शोभणारा होता, असें मला आतां वाटतें. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनीं प्रथम गाईकडे न पाहतां, ती कोठें चरली, हें विचारिलें. आणि घाणेरीचें नांव निघतांच मान हालविली. घाणेरी हें मूळचें अमेरिकेंतलें झुडूप. शोभेसाठीं म्हणून आपल्या देशांत आलें आणि डोंगरच्या डोंगर व्यापून बसलें. एरव्हीं गुरें त्यास शिवत नाहींत; पण चाऱ्याच्या टंचाईंत खातात, आणि त्यांतील विषानें त्यांच्या यकृतास इजा होते. पुढची हकीकत डॉक्टरांनीं सांगितली ती अशी. जनावर हिरवा पाला खातें, तेव्हां पाल्याच्या हिरव्या रंगद्रव्यापासून त्याच्या पोटांत फायलोएरिथ्रिन नांवाचें एक द्रव्य बनतें. निरोगी यकृत तें पित्तावाटे बाहेर टाकतें. यकृत बिघडलें कीं तें रक्तांत राहतें व रक्ताबरोबर कातडींत येऊन बसतें. अंधारांत तें कांहींच करीत नाहीं. पण त्यावर ऊन पडलें कीं तें आसपासच्या पेशी जाळीत सुटतें. पांढऱ्या कातडींतून ऊन आंत उतरतें, म्हणून तेथें जखम झाली. काळ्या कातडीनें तें वरच्यावर अडविलें, म्हणून ती वांचली. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि बजावलें कीं, कांहीं आठवडे गाईस उन्हाचें तोंड दिसूं देऊं नका. कबरी अंधाऱ्या गोठ्यांत राहिली, आणि हळूहळू तिची कातडी भरून आली.

वाचकहो, यांतील मर्म ध्यानांत घ्या. काळ्या ठिपक्याखालीं द्रव्य होतें, पण उजेड नव्हता. तेथें इजा झाली नाहीं. शेजारच्या गोठ्यांतील गाईवर उजेड होता, पण अंगांत द्रव्य नव्हतें. तिलाही कांहीं झालें नाहीं. दोन्ही अर्धीं जेथें एकत्र आलीं, तेवढ्याच जागीं कातडी जळली. हाच प्रकार जर्मनींत म्यूनिच येथें ऑस्कर राब या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें डबक्याच्या पाण्यांतील पॅरामेशियम नामक सूक्ष्म जीवांवर पाहिला, आणि १९०० सालीं प्रसिद्ध केला. ॲक्रिडिन नांवाच्या द्रव्याच्या अति पातळ द्रावणांत ते जीव उजेडांत मरत, अंधारांत जगत. त्याचे गुरु टापायनर यांनीं लागलीच ओळखलें कीं, जें सूक्ष्म जीवास मारतें तें रोगट पेशीसही मारूं शकेल. आणि १९०३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कातडीवरील गांठींना इओसिन हा रंग लावून त्यांवर प्रकाश सोडून पाहिला. त्याच वर्षीं डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांस, नुसत्या प्रकाशानें त्वचेचा क्षय बरा करण्याच्या उपायाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या देशांतही ही कल्पना अगदींच अनोळखी नव्हती. पांढऱ्या कोडावर बावचीचें बीं लावून ऊन घेण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. बावचींतील सोरालेन हें द्रव्य उन्हांतील अतिनील किरणांनीं जागें होतें, आणि ऊन अधिक झाल्यास कातडीवर फोड येतात, हें आज सर्वमान्य आहे. १९७४ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं याच जातीचें द्रव्य पोटांत देऊन व मोजून मापून किरण सोडून सोरायसिस नामक त्वचारोगावर उपाय केला. तसेंच, इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत १९५६ सालीं सिस्टर वॉर्ड या परिचारिकेच्या दृष्टीस पडलें कीं, कावीळ झालेल्या तान्ह्या मुलांस उन्हांत नेलें असतां उघड्या अंगाचा पिंवळेपणा ओसरतो. आज गांवोगांवच्या रुग्णालयांत नवजात बालकांस निळ्या उजेडाखालीं ठेवतात, त्याचें मूळ तिच्या त्या चौकस दृष्टींत आहे.

त्या आठ दिवसांत रोज रात्रीं वाडीबाहेरच्या सादड्यांवर आणि जांभळांवर काजवे उतरत. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याचीं झाडेंच्या झाडें त्यांनीं लखलखतात, आणि तो देखावा पाहावयास लांबून लोक येतात. काजव्याच्या पोटांत एक द्रव्य प्राणवायूशीं संयोग पावतें व त्यांतून थंडगार उजेड बाहेर पडतो. तेथें उभा असतां माझ्या मनांत आलें कीं, काजवा रसायनाचा उजेड करतो, आणि गोठ्यांतल्या गाईच्या कातडींत उजेडाचें रसायन झालें. एकाच व्यवहाराचीं तीं देणें आणि घेणें होत.

येथवर हें सारें कुतूहल होतें. परंतु माझ्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशीं आत्यानें मला स्वयंपाकघरांत बोलाविलें, दार लोटलें, आणि गालाच्या आंतल्या बाजूचा एक व्रण दाखविला. लहानपणापासून ती मिश्री लावीत आली होती. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. आमच्या बाजूच्या कित्येक बायका ती दांतांस लावतात, आणि मग ती सुटत नाहीं. व्रण दोन महिने भरत नव्हता. नाशकास नेऊन तुकडा तपासला होता. कर्करोगाचा आरंभ आहे, असें निघालें होतें. आणि शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला होता. हें मला कोणी कळविलें नव्हतें. इतक्यांत वाडींतल्या एका मुलानें तिला मोबाइलवर एक चित्र दाखविलें होतें कीं, सोन्याचे बारीक कण शरीरांत सोडून त्यांवर उजेड टाकला म्हणजे कर्करोग जळून जातो, सुरी लागत नाहीं. आत्या म्हणाली, "तू शिकलेला आहेस, बाळा. हे खरं का? खरं असलं तर मी कापून कशाला घेऊ? आवणी तोंडावर आली. आणि तोंड वाकडं झालं, तर नातीच्या लग्नात मी चारचौघींत कशी बसू?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर चुकलें तर तिचा जीव जाणार होता. मी म्हणालों, "आत्या, दोन दिवस दे." त्या दोन दिवसांत मिळेल तें वाचलें, पुण्यांतील एका जुन्या सहाध्यायास विचारून घेतलें, आणि जें हातीं लागलें तें तिला तिच्याच अंगणांतील दाखल्यांनीं समजाविलें. तेंच येथें, पुढें कळलेल्या कांहीं गोष्टींची भर घालून, सांगतों.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे. त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस सुमारें ऐंशी हजार नॅनोमीटर जाड भरेल. सोन्याचा कण वीस-तीस नॅनोमीटरांचा झाला कीं सोनें आपलें पिंवळें रूप टाकतें. असे कण पाण्यांत तरंगत असतां पाणी माणकासारखें लाल दिसतें. १८५७ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सोन्याच्या अशा लाल पाण्याचा विचार मांडला होता. याचें कारण असें कीं, कणांतील विद्युत्कणांचा थवा प्रकाशलहरींबरोबर मागेंपुढें हेलकावतो. नागपंचमीस झाडाला बांधलेला झोका ज्यानें दिला असेल त्यास हें सहज समजेल. झोक्याच्या लयीशीं लय साधून हलका हात लावला तरी तो उंच जातो. लय चुकली तर कितीही जोर लावा, तो अडखळतो. कणाची लय प्रकाशाच्या लयीशीं जुळली कीं तो प्रकाश अधाशासारखा पितो आणि त्याची उष्णता करून भोंवतालीं सोडतो. कणाचा आकार बदलला, म्हणजे तो गोल न ठेवितां लांबट केला किंवा आंतून दुसऱ्या पदार्थाचा करून वर सोन्याचा पापुद्रा चढविला, कीं त्याची लय बदलते.

आतां कोणत्या प्रकाशाची लय निवडावी? बॅटरी पेटवून तळहाताखालीं धरा. बोटें तांबडीं दिसतात. निळा-हिरवा उजेड मांसांत अडकतो, तांबडा पार होतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश तर आणखी आंत जातो. म्हणून शास्त्रज्ञ त्या प्रकाशाशीं जुळणारे कण बनवितात. रोगट गांठींतील रक्तवाहिन्या घाईनें वाढलेल्या असल्यामुळें सच्छिद्र असतात. कण त्यांतून गांठींत झिरपतात. मग बाहेरून प्रकाश सोडला कीं कण तापतात आणि सभोंवारच्या पेशी मरतात. दुसऱ्या जातीचे कण तापण्याऐवजीं प्राणवायूस चेतवून पेशींना इजा करतात. गाईच्या कातडींत घडलें तें याच दुसऱ्या प्रकारचें. अमेरिकेंत अटलांटा येथें मुस्तफा अल्-सय्यद यांच्या प्रयोगशाळेंत २००६ च्या सुमारास सोन्याच्या कणांचे असे प्रयोग झाले, ते तोंडाच्या कर्करोगाच्याच पेशींवर होते. आत्यास हें सांगतांच तिचे डोळे चमकले. परंतु त्या पेशी कांचेच्या बशींत वाढविलेल्या होत्या, हें वाक्य मला लगोलग जोडावें लागलें.

हे कण करावयाचे कसे? नेहमींची रीत रसायनांची. धातूच्या क्षारापासून कण बनतात खरे. पण त्यांच्या अंगावर त्या रसायनांचा लेप राहतो, आणि तो रक्तांत सोडण्यापूर्वीं धुवून काढणें मोठें जिकिरीचें असतें. दुसरी रीत लेसरची, आणि येथें आपणां महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. लोहार तापलेल्या विळ्यास पाण्यांत बुडवून 'पाणी देतो', हें आपण पाहिलें आहे. पुणें विद्यापीठांत पाटील, घैसास, कुळकर्णी, कानेटकर, ओगले, भिडे प्रभृति संशोधकांनीं लोखंड पाण्यांत ठेविलें आणि त्यावर माणकाच्या लेसरचे स्पंद सोडले. ज्या माणकाच्या लेसरनें १९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं जगास प्रथम लेसर दाखविला, त्याच जातीचा हा. एक स्पंद म्हणजे कांहीं नॅनोसेकंदांचा खेळ. एका नॅनोसेकंदांत प्रकाश स्वतः जेमतेम एक फूट चालतो. तेवढ्यांत लोखंडाचा पृष्ठभाग वितळून वाफाळतो, आणि भोंवतालचें पाणी त्यास तत्क्षणीं थंड करून, त्याच्याशीं संयोगही पावतें. लोहाराच्या पाणी देण्याचेंच हें अतिवेगवान रूप. त्यांतून लोखंडाचें एक असें ऑक्साइड हातीं आलें कीं, जें एरव्हीं टिकून राहत नाहीं. १९८७ सालीं हा शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नामांकित पत्रांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या मनांत तेव्हां कोणतें औषध नव्हतें. पाण्याच्या व धातूच्या सीमेवर काय घडतें, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. पुढें १९९३ सालीं जर्मनींत फोयटिक व हेंगलाइन यांनीं द्रवांत लेसर सोडून सूक्ष्म कण तयार केले, आणि या विद्येचा विस्तार झाला. आज या विषयावर लिहिणारे जगांतले संशोधक आरंभींच्या कामांत पुण्याच्या त्या निबंधाची गणना करतात. आपल्या अकोले तालुक्यांतील महाविद्यालयें ज्या विद्यापीठास जोडलेलीं आहेत, तेंच हें विद्यापीठ. २०१४ सालापासून सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ असें त्याचें नांव आहे.

लेसरनें केलेल्या कणांचा गुण हा कीं, शुद्ध पाणी, धातूचा तुकडा आणि प्रकाश यांखेरीज तिसरें कांहीं त्यांत शिरत नाहीं. कणाचें अंग उघडें व स्वच्छ राहतें. त्यावर पाहिजे तें औषध चिकटवितां येतें. सोन्याप्रमाणेंच सिलिकॉनचेही कण या रीतीनें करतात. २०१९ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टायटॅनियम नायट्राइडचे असे लेसरनिर्मित कण प्रसिद्ध केले. अवरक्ताच्या जवळचा, शरीरांत खोल जाणारा प्रकाश ते पितात, आणि सोन्याहून स्वस्त पडण्याजोगे आहेत. प्रकाशानें घडविलेला कण पुन्हां प्रकाशानेंच जागा होतो, हें ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे कोंबडीही उजेड आणि अंडंही उजेड!"

परंतु आत्याच्या प्रश्नाचें उत्तर यांत नव्हतें. तें देण्यास दुसरी बाजूही मांडणें भाग होतें. शिरेंत सोडलेल्या कणांपैकीं बहुतेक गांठींत न जातां यकृतांत व प्लीहेंत अडकतात. सोनें तर विरघळतही नाहीं. ही अडचण ओळखून मुंबईच्या आय. आय. टी. मधील रोहित श्रीवास्तव आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन-संस्थेंतील अभिजित डे यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे कण केले कीं, ज्यांचा गाभा स्निग्ध द्रव्याचा व वर सोन्याचें कवच, आणि जे काम झाल्यावर फुटून शरीराबाहेर पडूं शकतील. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें काम उंदरांवरचें होतें. माणसांवरचे प्रयोग फार थोडे. अमेरिकेंत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठांत जन्मलेल्या, सोन्याचें कवच असलेल्या कणांनीं प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर उपाय करून पाहिला, त्याचा वृत्तान्त त्याच २०१९ सालच्या ऑगस्टांत आला. त्यांत सोळा रुग्ण होते, पंधरांच्या बाबतींत उपाय ठरल्याप्रमाणें पार पडला. पण ते कणही रसायनांच्या रीतीचे होते, लेसरचे नव्हेत. आणि सोळा ही संख्या आशा बाळगण्यास पुरेशी असली, तरी भिस्त ठेवण्यास नाहीं. जीं प्रकाशौषधें कॅनडांत १९९३ पासून व अमेरिकेंत १९९५ पासून सरकारमान्य आहेत, तीं साधीं रंगद्रव्यें. त्यांतील पहिलें घेतल्यावर रुग्णास महिनाभर किंवा अधिक काळ उन्हापासून जपावें लागतें.

"म्हणजे कबरीसारखं अंधारात बसायचं?" आत्यानें विचारलें. मीं होय म्हटलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मीं तिला उत्तर दिलें तें असें: "आत्या, चित्र खोटं नाही, पण ते अजून तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. शस्त्रक्रिया पोचली आहे. तुझा रोग आज लहान आहे. चित्राची वाट पाहशील तोवर तो लहान राहणार नाही." आशा तोडावयाची नाहीं आणि फुगवावयाचीही नाहीं, हें फार अवघड काम असतें, असें मला त्या दिवशीं कळलें. जें औषध उजेड पोंचेल तेवढ्याच जागीं काम करतें, त्याच्याविषयीं बोलतांना आपणही खात्री पोंचेल तेवढेंच बोलावें, हें बरें.

आत्या ठरल्या दिवशीं नाशकास गेली. आवणी त्या वर्षीं शेजारणींनीं आणि सुनेनें केली. शस्त्रक्रियेनें गालास ओढ आली. बोलतांना एखादें अक्षर घसरतें, आणि भाकरी कुस्करून खावी लागते. परंतु नंतरच्या पांच वर्षांच्या तपासण्या निर्वेध पार पडल्या, नातीचें लग्न झालें, आणि ती चारचौघींत बसली. मिश्रीची डबी तिनें शस्त्रक्रियेपूर्वींच जलाशयांत भिरकावली होती. २०२० सालीं जपानांत डोक्या-मानेच्या वाढलेल्या कर्करोगासाठीं अवरक्त प्रकाशानें चेतणाऱ्या एका औषधास सशर्त मान्यता मिळाली. त्यांत धातूचे कण नाहींत. पण तत्त्व तेंच आहे. ही बातमी मीं आत्यास सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "येऊ दे, हळूहळू येऊ दे. माझ्यामागच्यांना लागंल."

तिच्या मागच्यांना तें लागणार आहे, हें खरेंच. आपल्या देशांत तोंडाचा कर्करोग फार. आणि तोंड व त्वचा हे तर प्रकाश सहज पोंचेल असे अवयव. म्हणून या विद्येकडून आपण इतरांहून अधिक अपेक्षा ठेवणें रास्त आहे. पालकांस माझी विनंति इतकीच कीं, तोंडांतील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाहीं तर तो डॉक्टरांस दाखवावा, आणि घरांतील मुलींच्या हातीं मिश्रीची डबी व मुलांच्या हातीं तंबाखूची पुडी जाऊं देऊं नये. जो रोग टाळतां येतो, त्याच्या औषधाची वाट पाहत बसणें शहाणपणाचें नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगावयाचें तें निराळें. कण गांठींतच कसे न्यावे, प्रकाश शरीरांत अधिक खोल कसा उतरवावा, आणि हा सारा उपाय डोंगरांतल्या वाडीस परवडेल असा स्वस्त कसा करावा, हे तीनही प्रश्न अजून पुरे सुटलेले नाहींत. ते सोडविणारांपैकीं एखादा आज तुमच्याच वर्गांत बसलेला असूं शकेल. त्यासाठीं मोठी प्रयोगशाळा लागेल खरी, पण ती मागाहून. आधीं लागते ती मामांची दृष्टि, कीं जिला पांढरें व काळें यांतला भेद दिसला आणि त्याचें कारण विचारावेसें वाटलें; सिस्टर वॉर्डची दृष्टि, जिनें तान्ह्या बाळाच्या अंगावरच्या उन्हाची रेघ पाहिली; आणि पुण्याच्या त्या संशोधकांचा धीर, ज्यांनीं पाण्यांतल्या लोखंडावर उजेड टाकला आणि जें घडलें तें नीट लिहून ठेविलें. वही प्रत्येकाजवळ आहे, आणि पाहण्यासारखें तर तुमच्या अंगणांतही पुष्कळ आहे.